मदत हवी आहे: पावट्यावरच्या माव्यासाठी अँटिबायोटिक फवारावं का?

नमस्कार मंडळी,

कोथरूडला आमच्या गच्चीत निळ्या ड्रममध्ये पावट्याचे दोन वेल आहेत. नारळी पौर्णिमेच्या सुमारास बी टोकलं होतं. बी सासूबाईंच्या माहेरचं, भोरकडचं. राखेत घोळून, डब्यात घालून त्यांनी ते वर्षानुवर्षं जपलंय. आता मांडवभर पांढरे तुरे आलेत, खालच्या तुऱ्यांना बोटाएवढ्या शेंगा धरल्यात. यंदा भोगीच्या भाजीला घरचाच पावटा घालायचा, असं आईंनी दिवाळीतच सांगून ठेवलंय.

गेल्या आठवड्यात मावा आला. काळा, चकाकणारा. आधी एका शेंड्यावर होता, चार दिवसांत अर्ध्या वेलावर. पानं चिकट झालीत, खालच्या फरशीवर पाय ठेवला तर चिकचिक लागते. मुंग्यांची रांग तर सकाळी सहालाही चालू असते.

भाच्याने दहापट मोठं दाखवणारं भिंग दिलं, त्यातून काल अर्धा तास बघत बसले. एक जाड मादी देठात सोंड खुपसून बसली होती, आणि तिच्या मागून पिल्लू बाहेर येत होतं. अंडं नाही, जिवंत पिल्लू! आधी शेपटीकडचा भाग आला, मग सहाही पाय हवेत हलले, आणि थोड्या वेळाने ते देठावर उभं राहिलं. तेवढ्यात एका मुंगीने शेजारच्या किड्याला मिशांनी थोपटलं, त्याने मागे पारदर्शक थेंब काढला आणि मुंगीने तो पिऊन टाकला. बघताना भान हरपलं, पण वेल वाचवायचाय हेही खरं.

आतापर्यंत एकदा निंबोळी तेल आणि दोनदा आंबट ताक फवारून झालं. दोन दिवस कमी होतो, परत येतो.

आता मुख्य प्रश्न. बी-बियाणांच्या एका दुकानात विचारलं, तर त्यांनी अँटिबायोटिकची पुडी दिली. डाळिंबाच्या तेल्या रोगावर मारतात, तसलीच. ते म्हणाले, "माव्याच्या पोटात जिवाणू असतात, त्यांच्यावर तो जगतो. जिवाणू मेले की मावा खलास." हे खरं आहे का? भाचा एम.एस्सी. करतोय, तो म्हणतो जिवाणूंची गोष्ट खरी आहे, फवारणीचं माहीत नाही. पुडी अजून फोडलेली नाही. शेंगा आम्ही खाणार, घरात पाच वर्षांची नात आहे. घाईत चूक नको, म्हणून विचारतेय.

आणखी एक. पानांवर काळपट, अंगावर केशरी ठिपके असलेल्या, छोट्या मगरीसारख्या अळ्या दिसल्या. त्या काय असाव्यात? दहा-बारा मी चिरडून टाकल्या.

– मांडववेल

*

ताई, आधी अळ्यांचं सांगते, कारण ते जास्त तातडीचं आहे. कृपा करून त्या मारू नका! ती लेडीबर्डची पिल्लं. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला भुंगा आपण सगळे ओळखतो, पण त्याची अळी कुणी ओळखत नाही, आणि मावा खाण्यात ती भुंग्याला हार जात नाही.

आता पुडी. फोडू नका, जशी आहे तशी दुकानात परत द्या. दुकानदारांनी सांगितलेली जिवाणूंची बाब खरी आहे, त्यावरून काढलेला उपाय चुकीचा आहे. मी कृषी पदवीला कीटकशास्त्र घेतलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मावा पितो तो झाडाच्या अन्नवाहिन्यांतला रस. त्यात साखर भरपूर, पण अंग वाढायला लागणारी अत्यावश्यक अमिनो आम्लं फारच कमी. नुसत्या सरबतावर मूल वाढवण्यासारखं आहे ते. ही उणीव भरून काढतो बुखनेरा नावाचा जिवाणू. तो माव्याच्या पोटातल्या खास मोठ्या पेशींत राहतो आणि ती अमिनो आम्लं तयार करून देतो. जास्तीची साखर मावा मागच्या बाजूने टाकून देतो. तुमच्या फरशीवरची चिकचिक आणि मुंगीने प्यायलेला थेंब, दोन्ही तेच.

हे जिवाणू बाहेरून लागत नाहीत, आईकडून पिल्लाला पोटातच मिळतात. तुम्ही जन्मताना पाहिलंत ना, त्या पिल्लाच्या आत त्याची पुढची पिढी आधीच वाढायला लागलेली असते, आणि तिच्यातही हे जिवाणू उतरतात. किमान १५-१६ कोटी वर्षं हे असंच चालू आहे. इतक्या काळात बुखनेरा स्वतंत्र जगणंच विसरला. २००० साली त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा तो डीएनएच्या जेमतेम ६ लाख ४० हजार अक्षरांचा निघाला. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूचा साधारण ४६ लाखांचा असतो. माव्याबाहेर बुखनेरा जगत नाही, आणि त्याच्याविना मावा धड वाढत नाही.

प्रयोगशाळेत माव्याच्या शरीरात अँटिबायोटिक पोचवून बुखनेरा मारतात, हे खरंय. तेव्हा मावा खुरटतो, त्याला पिल्लं होत नाहीत किंवा अगदी थोडी होतात. पण तो लगेच मरत नाही, रस पीतच राहतो. शिवाय गच्चीत तुम्ही फवारणार पानाच्या वरून, आणि तो पितो आतल्या नळीतून. म्हणजे औषध माव्यापर्यंत धड पोचणार नाही. ते राहणार शेंगांवर, मातीत, ड्रममधून गळणाऱ्या पाण्यात. तिथले जिवाणू त्या औषधाला सरावतात, आणि तीच सवय पुढे माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूंपर्यंत जाऊ शकते. एका वेलासाठी एवढी किंमत मोजू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता उपाय. ज्या शेंड्यांवर मावा गच्च बसलाय ते खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. बाकी वेलावर सकाळी पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा, रोज, सलग पाच-सहा दिवस. खाली पडलेला मावा सहसा परत वर चढू शकत नाही. संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, पण तेही फक्त जिथे मावा दाट आहे तिथेच. मांडवाच्या काठ्यांना आणि ड्रमच्या काठाला व्हॅसलिनचा जाड पट्टा लावा म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. मुंग्या त्या गोड थेंबांसाठी लेडीबर्डना हुसकावून लावतात, त्यामुळे मुंग्या थांबल्या की निम्मं काम होतं. युरिया किंवा भरमसाट खत घालत असाल तर थांबवा, लुसलुशीत शेंडा माव्याला फार आवडतो.

– ओली माती

*

ओली माती, छान लिहिलंत. तांदळातल्या टोक्यांचंही असंच आहे, ते इथे लिहून ठेवतो. त्यांच्या पोटातले जिवाणू कडक, गडद कवचासाठी लागणारा कच्चा माल पुरवतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की कवच पक्कं झालं की टोका आतड्याजवळचे हे जिवाणू स्वतःच संपवून टाकतो. मादीच्या अंडाशयातले तेवढे राहतात, पुढच्या पिढीसाठी. तांदूळ निवडताना कधी लालसर टोके दिसतात, ते नुकते दाण्यातून बाहेर आलेले असतात.

– धान्यकोठी

*

डेंग्यूच्या डासांत जिवाणू सोडतात ते हेच का? गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत चार घरांत डेंग्यू होता, माझी मुलगी आठवडाभर दवाखान्यात होती.

– सिंहगडरोड

*

नाही, तो वोल्बाकिया. १९२४ मध्ये अमेरिकेत हर्टिग आणि वोल्बाक यांनी तो घरगुती डासात पाहिला. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस इजिप्ती डासात तो मुळात नसतो, फळमाशीतून काढून घातला जातो. तो आत असला की डेंग्यूचा विषाणू डासात नीट वाढत नाही, आणि मादीच्या अंड्यांतून वोल्बाकिया पुढच्या पिढीत जातो. इंडोनेशियात योग्यकार्ता शहरात असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचं प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी आढळलं, तो अहवाल २०२१ चा. आपल्याकडे पुद्दुचेरीच्या सरकारी संशोधन केंद्रात असे डास वाढवले गेलेत. मुलगी आता बरी आहे ना?

– ओली माती

*

हो, बरी आहे. शाळेत जायला लागली.

– सिंहगडरोड

*

ओली माती, तुमचे आभार कसे मानू! त्या अळ्यांचं फार वाईट वाटलं. उरलेल्या शोधल्या, सात सापडल्या, त्यांना हात लावला नाही. पुडी काल परत केली. दुकानदारांना तुमचं म्हणणं वाचून दाखवलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पैसे परत दिले.

पाचवा दिवस. शेंडे खुडले, फवारा चालू आहे, व्हॅसलिनवर मुंग्या येऊन परत फिरताहेत. आज भिंगातून एक नवीन दिसलं: चार-पाच मावे फुगून तपकिरी, कागदासारखे कोरडे झालेत, हलत नाहीत. एकाच्या पाठीला सुईने पाडावं तसं गोल भोक आहे. हा रोग आहे का? ती पानं तोडू?

– मांडववेल

*

तोडू नका! ती ममी. बारीक गांधीलमाशी माव्यात अंडं घालते, तिची अळी त्याला आतून खाते आणि पूर्ण वाढली की असं भोक पाडून उडून जाते. म्हणजे मदत तुमच्या गच्चीवर पोचली. काही माव्यांत बुखनेराच्या जोडीला हॅमिल्टोनेला नावाचा दुसरा जिवाणू असतो, तो या अळीला माव्याच्या आतच मारतो, आणि त्यासाठीचं विष त्या जिवाणूतल्या विषाणूच्या जनुकांवरून बनतं. अमेरिकेत लसूणघासावरच्या याच काळ्या माव्यात तो सापडलाय. तुमच्या माव्यात ममी होताहेत, म्हणजे निदान त्या चार-पाच किड्यांना तरी असं संरक्षण मिळालेलं दिसत नाही. ज्या पानांवर ममी आहेत तिथे निंबोळी तेल अजिबात नको, फवारा पण हळू. बाकीची भोकं पडेपर्यंत थांबा.

– ओली माती

*

थांबते. त्या पानांच्या देठांना लाल दोरा बांधून ठेवलाय, म्हणजे आईंनी चुकून खुडायला नकोत. आणि बियांसाठी म्हणून खालच्या दोन शेंगा वेलावरच वाळू देतेय, तेवढं चालेल ना?

– मांडववेल