दर ५ मिनिटांनी लोकेशन हवं, अ‍ॅप मागे गेल्यावरही: कोणता मार्ग घ्यावा?

पायवाट: अँड्रॉइड अ‍ॅप, कोटलिन, टार्गेट एसडीके ३४ (म्हणजे अँड्रॉइड १४). कर्मचाऱ्याने 'ड्युटी सुरू' दाबल्यापासून 'संपली' दाबेपर्यंत दर ५ मिनिटांनी लोकेशन सर्व्हरला जायला हवं. सध्या साध्या सर्व्हिसमध्ये (अ‍ॅपचा पडद्यामागे चालणारा भाग) टायमर लावून गेटलास्टलोकेशन मागवतो. स्क्रीन बंद झाली की थोड्या वेळाने नोंदी थांबतात. त्याआधीही तेच अक्षांश-रेखांश पुन्हा पुन्हा येतात, कधी नल (रिकामं उत्तर). वर्कमॅनेजरकडे (मागची कामं लावून देणारी अँड्रॉइडची लायब्ररी) वळू का?

चकवा: नको. वर्कमॅनेजरच्या ठरावीक कालाने होणाऱ्या कामाचं किमान अंतर १५ मिनिटं. ५ दिलेत तरी १५च धरतो, आणि तेही नेमक्या वेळी होईल असं नाही.

साध्या सर्व्हिसचं दुखणं अँड्रॉइड ८ पासूनचं. अ‍ॅप मागे गेलं की काही मिनिटांत सिस्टीम ती बंद करते, आणि मागच्या अ‍ॅपला लोकेशन तासाला मोजक्या वेळाच मिळतं. गेटलास्टलोकेशन तर नव्याने मोजतच नाही. शेवटचं साठवलेलं असेल ते हातात देतं, नसेल तर नल.

तुमच्या कामाला फोरग्राउंड सर्व्हिसच हवी, म्हणजे सतत नोटिफिकेशन दाखवत चालणारी. मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपचे भाग आणि परवानग्या नोंदवायची फाइल) सर्व्हिसचा प्रकार 'लोकेशन' लिहा. अँड्रॉइड १४ वर त्याच नावाची वेगळी फोरग्राउंड सर्व्हिस परवानगीही तिथेच लागते. स्टार्टफोरग्राउंडसर्व्हिस केल्यावर लगेच, ऑनक्रिएटमध्येच, स्टार्टफोरग्राउंड बोलवून नोटिफिकेशन दाखवा. आधी डेटाबेस उघडत बसलात तर क्रॅश. टायमर काढून टाका. फ्यूज्ड लोकेशन क्लायंटला (गूगलची लोकेशन देणारी सेवा) रिक्वेस्ट द्या: अंतराल ३,००,००० मिलिसेकंद, प्रायॉरिटी हाय अ‍ॅक्युरसी. इमारतीपर्यंतची अचूकता नको असेल तर बॅलन्स्ड पुरे, बॅटरी बरीच वाचते.

रात्रपाळी: अलार्ममॅनेजरचा (ठरल्या वेळी अ‍ॅपला जागं करणारा) सेटएक्झॅक्टअँडअलाउव्हाइलआयडल लावला तर कायमची नोटिफिकेशन टळेल ना?

चकवा: डोझमध्ये (फोन नुसता पडून असतानाची बॅटरी-बचत अवस्था) तो अलार्म एका अ‍ॅपला ९ मिनिटांत एकदाच वाजतो, म्हणजे ५ मिनिटांचं गणित तिथेच फसलं. शिवाय अँड्रॉइड १४ वर नव्याने टाकलेल्या बहुतेक अ‍ॅप्सना नेमक्या अलार्मची परवानगी आपोआप मिळत नाही. आणि माणसाचा माग काढताना नोटिफिकेशन लपवायची हौस कशाला?

दीपस्तंभ: परवानग्यांचं राहिलं. बटण दाबताना अ‍ॅप समोरच असतं, तेव्हा सर्व्हिस तिथूनच सुरू करा. मग 'अ‍ॅप वापरताना' एवढी परवानगी पुरते, 'नेहमी' मागायची गरज नाही. 'नेहमी' मागितलीत की प्ले स्टोअरला वेगळं कारण पटवून द्यावं लागतं आणि अँड्रॉइड ११ पासून वापरकर्त्याला सेटिंग्जमध्ये जावं लागतं. फोन रीस्टार्ट झाल्यावर ड्युटी आपोआप चालू व्हायला हवी असेल तरच त्या वाटेला जा.

लोकेशनची परवानगी मिळण्याआधी सर्व्हिस सुरू केलीत तर १४ वर सिक्युरिटी एक्सेप्शन येतं. १२ पासून वापरकर्ता 'अंदाजे' लोकेशनही निवडू शकतो. मग ठिकाण सुमारे ३ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात कुठेही दिसेल. अचूक परवानगी मिळाली का ते तपासूनच ड्युटी सुरू होऊ द्या.

पायवाट: आभार. प्रत्येक नोंद लगेच पाठवू की साठवून?

दीपस्तंभ: आधी रूममध्ये (फोनमधला डेटाबेस) साठवा, सोबत मोजमापाची वेळही. पाठवायला मात्र वर्कमॅनेजर उत्तम, नेटवर्क असण्याची अट घालून. सर्व्हरला थोडा उशीर चालत असेल तर सेटमॅक्सअपडेटडिलेमिलिस १५ मिनिटं ठेवा, नोंदी गठ्ठ्याने येऊ शकतात. तेव्हा कॉलबॅकमध्ये (लोकेशन आल्यावर चालणारं फंक्शन) लास्टलोकेशन वाचू नका. लोकेशन्सची पूर्ण यादी फिरवा, नाहीतर गठ्ठ्यातली शेवटची नोंद राहते आणि बाकीच्या गळतात.

चकवा: चाचणी चार्जरला लावून करू नका, डोझ लागतच नाही. एडीबीने (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन) 'डम्पसिस बॅटरी अनप्लग', मग स्क्रीन बंद करून 'डम्पसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल'. झाल्यावर 'अनफोर्स' आणि 'बॅटरी रीसेट' दोन्ही द्या. काही कंपन्यांचे फोन स्वतःच्या बॅटरी-बचतीत फोरग्राउंड सर्व्हिसही मारतात. तिथे कोड काही करू शकत नाही, बॅटरी सेटिंगमध्ये अ‍ॅपला सूट द्यायला वापरकर्त्यालाच सांगावं लागतं.