स्क्रीन प्रिंटिंगच्या जोडीला काय घ्यावं: डीटीएफ की सब्लिमेशन?

चाररंगी_टेबल:
हाताचं चार रंगांचं स्क्रीन टेबल, 16×24 इंची हीट प्रेस आणि विनाइल कटर एवढा संच आहे. मंडळांचे, ढोल-पथकांचे एक-दोन रंगांचे शंभर-दीडशे टी-शर्ट आरामात निघतात. अडतं ते 15-20 नगांच्या बहुरंगी ऑर्डरला, प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन काढण्यातच मार्जिन जातं. ड्राय-फिट जर्सीचीही विचारणा वाढलीय. गणपतीआधी डीटीएफ मशीन (फिल्मवर छापून त्यावर गोंदाची पावडर वितळवतात आणि प्रेसने कापडावर उतरवतात) घेऊ का?

पावडर_ओव्हन:
मशीन आत्ता नको. छापलेली फिल्म मीटरवर मागवा, प्रेस तुमच्याकडे आहेच. 60 सेंमी रोलवर साधारण 56 सेंमी छपाई धरा. 27×35 सेंमीच्या पाठीच्या चार डिझाइन एका मीटरमध्ये बसतात आणि उरलेल्या पट्टीत 9 सेंमीचे दहा लोगो. भाव काढताना ही पट्टी रिकामी सोडू नका, कमाई तिथेच आहे.

फाइल 300 डीपीआय, पारदर्शक बॅकग्राउंडची पीएनजी. पुसट सावली, ग्लो असले प्रकार काढा किंवा हाफटोन (बारीक ठिपक्यांत) करा. तिथे पांढरी शाई विरळ पडते, पावडर नीट धरत नाही आणि कडा खरखरीत येते. अर्ध्या मिमीहून बारीक रेष टाळा.

मशीनचा खरा त्रास पांढऱ्या शाईचा. तिच्यातला टायटॅनियम डायऑक्साइड जड असतो, खाली बसतो आणि छपाईचं हेड चोक होतं. रोज शाई हलवणं, नोझल चेक (शाईची छिद्रं मोकळी आहेत का बघणं) हे सुट्टीच्या दिवशीही चुकत नाही. त्यात पावसाळा! खोलीतली आर्द्रता 40-60 टक्क्यांच्या वर गेली की पावडर दमट होऊन कोऱ्या फिल्मलाही चिकटते आणि कापडावर ठिपके उतरतात. म्हणून गणपतीच्या तोंडावर नवं मशीन लावणं मला पटत नाही. रोज काही मीटर काम पक्कं झालं की मग बघा.

जर्सी_कट:
जर्सीपुरतं माझं मत वेगळं. पांढऱ्या किंवा फिक्या पॉलिस्टरवर सब्लिमेशनच करा (कागदावर छापलेला रंग उष्णतेने वाफ करून कापडात उतरवणं). 190-200 अंश, 45-60 सेकंद. रंग धाग्यात जातो, हाताला काही लागत नाही, घामाला वाट राहते. छातीभर डीटीएफ म्हणजे खेळाडूच्या अंगावर प्लास्टिकचा तुकडा. पण सब्लिमेशनला पांढरी शाई नसते, त्यामुळे गडद कापड बाद; आणि हा रंग कॉटनला धरत नाही, म्हणून कॉटनही बाद.

चाररंगी_टेबल:
नमुन्याची फिल्म मागवून लावली. काळ्या कॉटनवर 160 अंश, 10 सेकंद. दोन धुण्यांत कोपरे सुटले. मरून जर्सीवर पांढरा रंग दुसऱ्या दिवशी गुलाबी झाला.

पावडर_ओव्हन:
दोन्हींची कारणं वेगळी आहेत, दादा. आधी फिल्म बघा. पावडर पूर्ण वितळली असेल तर पाठ संत्र्याच्या सालीसारखी, किंचित चकचकीत दिसते. साखरेसारखे दाणे दिसले तर ती कच्ची. पुरवठादाराला परत करा. फिल्म ठीक असेल तर कापडातला ओलावा किंवा दाब बघा. कोरा टी-शर्ट आधी 5 सेकंद दाबा. मग 150-155 अंश, 15 सेकंद, दाब चांगला. फिल्म हॉट पील (गरम असतानाच सोलायची) की कोल्ड पील (गार झाल्यावर सोलायची) ते विचारा. कोल्ड पील गरम असताना ओढली तर कोपरे तिथेच उचलतात. सोलल्यावर टेफ्लॉन शीट ठेवून पुन्हा 10 सेकंद दाबा, हे गाळू नका. शिवण प्रेसच्या पाटावर आली तर बाजूला दाब पोचत नाही, आत पॅड घाला. पहिलं धुणं 24 तासांनंतर, उलटं करून.

गुलाबीचं कारण जर्सीचा डाय, म्हणजे कापडाचा स्वतःचा रंग. उष्णतेने तो वाफ होऊन पांढऱ्या थरात चढतो, कधी दोन-तीन दिवसांनी दिसतो. लाल, मरून, नेव्हीला हा धोका जास्त. कमी तापमानाची पावडर मागा आणि 120-130 अंशांवर लावा; तरी चढला तर डाय अडवणारी काळी पावडर घ्या.

जर्सी_कट:
लॉटमधली एक जर्सी लावून तीन दिवस बाजूला ठेवा, मगच बाकीच्या हातात घ्या. एकाच रंगाच्या दोन लॉटचा डाय सारखा वागेल असं धरू नका.