ग्रामसभेत हवामान बदलाचा विषय काढला तर अख्खा पार हसला, आता काय करू?

तेरणाकाठचा
नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातल्या एका गावचा, बीएस्सी अॅग्री झालंय, सध्या घरची सहा एकर बघायलोय, सोयाबीन अन् तूर. २०२३ ला अख्खा ऑगस्ट कोरडा गेला तेव्हा सोयाबीन फुलातच करपलं, अन् २०२५ च्या सप्टेंबरात काढणीला आलेलं पाण्यात गेलं, शेंगातूनच मोड फुटले होते, हातात घेतली की चिकट लागायची. म्हणून म्हणलं नुसतं घरात बोलून काय उपयोग, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उभा राहिलो अन् म्हणलं गावानं हवामान बदलावर ठराव घ्यावा. सरपंच काका म्हणले, "घेऊ की बाळा, तापमान कमी करायचा ठराव घेऊ, फक्त सूचक म्हणून सूर्याला घेऊन ये." झालं, सगळा पार हसला. माईक पुढं गेला, घरकुलाच्या यादीवर भांडण सुरू झालं, माझा विषय कुणी लिहूनबी घेतला नाही. पुण्यातले मित्र पाट्या घेऊन मोर्चाचे फोटो टाकतात, मी इथं पाटी घेऊन कुणापुढं उभा राहू, म्हशीपुढं? खरंच विचारतोय, गावात राहून या विषयात काही करता येतं का?

जुना_ग्रामसेवक
बाळ, सरपंचाचा जोक चांगला होता हे आधी मान्य कर. चूक तुझी पण आहे. तू तोंडी बोललास. ग्रामसभेत तोंडी बोललेलं हवेत जातं, प्रोसिडिंग बुकात लिहिलेलंच राहतं. नोटीस निघायच्या आधी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्यायचा, आवक नंबर टाकलेली पोच घ्यायची, म्हणजे विषय अजेंड्यावर येतो. नाहीतर "आयत्या वेळचे विषय" मधे ढकलतात अन् तोवर लोक चहाला उठलेले असतात. दुसरं, कोरम, म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी. १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. तेवढी नसली की सभा तहकूब होते अन् तहकूब सभेला कोरम लागत नाही, मग चार टाळकी बसून काय पाहिजे ते पास करतात, रजिस्टर नंतर घरोघर सहीला फिरतं. मी ३१ वर्ष हेच बघितलंय (अन् थोडंफार केलंय, खोटं कशाला बोलू). ठराव लिहिला का नाही ते बघायला माहितीच्या अधिकारात नक्कल माग, १० रुपयाचं तिकीट अन् ३० दिवस. आता आमच्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलंय, काम तेच.

मूळगाव_अहमदपूर
पुण्यातूनच लिहितोय, पाटीवाल्यांपैकीच एक 😅 भावा, २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा राज्यघटनेच्या कलम १४ अन् २१ मधला हक्क आहे. अर्जात हे टाक ना, वजन येईल.

उसाचा_फड
टाका टाका. ती केस माळढोक पक्षी अन् विजेच्या तारांची होती, राजस्थान-गुजरातची. आमच्या सरपंचाला माळढोक म्हणलं की नान्नजच्या माळढोक अभयारण्यात सहल काढायची का म्हणंल. कलम सांगून गावात एक नळ आला नाही आजवर.

मूळगाव_अहमदपूर
केस माळढोकचीच होती पण हक्क माणसांचा सांगितलाय. बरं राहू द्या, वाद नको.

खडू_डस्टर
शिक्षक आहे, निलंगा भागात. मला वाटतं "हवामान बदल" हा शब्दच अर्जातून काढा. त्याला कुणी जबाबदार नसतं म्हणून तर सगळे हसतात. असं काहीतरी मागा ज्याला नाही म्हणायला कुणालातरी सही करावी लागंल. आमच्याकडं पर्जन्यमापकाचं झालं. २४ तासात महसूल मंडळात (म्हणजे काही गावांचा गट) ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी धरतात, अन् मापक मंडळाच्या गावाला, आमच्यापासून अकरा किलोमीटर. तिकडं भुरभूर, इकडं ओढा रस्त्यावर. मग आम्ही शाळेत साधा प्लॅस्टिकचा मापक लावला, पोरं रोज सकाळी साडेआठला बघतात, हवामान खातं पण त्याच वेळेला मोजतं, अन् फळ्यावर लिहितात. एका दिवशी मंडळाचा आकडा ४१ अन् आमच्या फळ्यावर ८७. सरकार फळा मानत नाही हे मला माहितीय, पण त्या दिवशी फळ्यापुढं जी माणसं गोळा झाली ती ग्रामसभेला कधी येत नव्हती. केंद्राच्या विंड्स या हवामान नोंदींच्या योजनेत ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक धरलेत, तर "आमच्या गावात बसवा" एवढाच ठराव, एक पान, तहसीलदार अन् कृषी अधिकाऱ्याला प्रत. अजून बसला नाही, पण तहसीलदाराचं लेखी उत्तर आलं, ते पोरांनी लॅमिनेशन करून लावलंय.

जुना_ग्रामसेवक
गुरुजी बरोबर, फक्त एक. पुराचं पाणी शेतात शिरलं असंल तर ६५ वर अडून बसू नका. ३३ टक्क्याच्या वर नुकसान दिसलं की पंचनामा मागता येतो, अर्ज तलाठ्याकडं द्या, फोटो तारखेसकट.

रेणापूरची_ताई
सगळे भाऊ मेन ग्रामसभेचंच बोलायलेत. तिच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, कायद्यात आहे, कुणाला आठवतंय का? आमच्याकडं ती रजिस्टरवरच व्हायची. मागच्या वर्षी आम्ही बचत गटाच्या बावीस बायका खरंच जाऊन बसलो, ग्रामसेवकाला घाम फुटला बिचाऱ्याला. विषय एकच घेतला, गावाच्या विहिरीजवळ नवीन बोअर नको. भूजल कायद्यात ६० मीटरच्या खाली बोअर घ्यायला बंदीय, म्हणजे दोनशे फूट, अन् आमच्या इथं सातशे फुटाला बोअरची गाडी थांबते, थांबली तर. सार्वजनिक पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरचा नियम वेगळाच. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा मी लेकरू कडेवर घेऊन रांगेत होते, त्यामुळं हवामान मला समजवायची गरज नाही. ठराव पुढं ग्रामसभेत आला तेव्हा ऊसवाल्यांनी आरडाओरडा केला, माझे सख्खे दीर पण त्यात होते, महिनाभर घरात बोलले नाहीत. पास झाला. तरी दोन बोअर रात्रीत पडलेच, पण तिसऱ्याच्या वेळी गाडी शिवारातून परत पाठवली.

उसाचा_फड
ताई गाडी कुणी अडवली?

रेणापूरची_ताई
आम्हीच. रात्री साडेअकराला. दीर पण होते, बॅटरी धरायला.

तेरणाकाठचा
ताई 🙏 आमच्या आईला वाचून दाखवलं, ती म्हणते महिला सभा कधी असते ते आधी विचार, आमची सही कोण करतंय ते बघायचंय. आता १ मे ची ग्रामसभा धरून दोन अर्ज करायलोय, पर्जन्यमापकाचा अन् ओढ्यावरच्या पुलाच्या नळ्यांचा, त्या गाळानं बुजल्यात म्हणूनच पाणी आमच्याकडं वळलं होतं. गुरुजी, तो प्लॅस्टिकचा मापक कुठं मिळाला अन् तहसीलदाराच्या पत्राचा फोटो टाकता का, मजकूर कसा लिहिलाय ते बघतो.

खडू_डस्टर
लातूरला गंजगोलाईत मिळाला. पत्राचा फोटो सोमवारी, शाळेची किल्ली शिपायाकडंय.