केनियातील जंगल कोणाच्या हाती सुरक्षित राहील?

धागाकर्ती:
वांगारी मथाई यांनी १९७७ मध्ये केनियात झाडे लावण्याची ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, तेव्हा खेड्यांतील बायकांची सरपणासाठीची पायपीट वाढत चालली होती. मथाईंनी रोपवाटिका त्याच बायकांकडे सोपवल्या आणि रोप लावल्याबद्दल नव्हे, तर ते जगल्याबद्दल थोडे पैसे देण्याचा नियम केला. पाच कोटींहून अधिक झाडे उभी राहिली, त्यामागे हा साधा नियम आहे, असे मला वाटते. नैरोबीतील करुरा जंगलाची जमीन खासगी विकासकांना दिली जात असताना १९९९ मध्ये तेथे झाड लावायला गेलेल्या मथाईंना मारहाण झाली. आज सुमारे हजार हेक्टरांचे ते जंगल वनखाते आणि स्थानिक संघटना मिळून सांभाळतात. २००५ च्या वनकायद्याने गावकऱ्यांना व्यवस्थापनात सहभाग दिला, पण हक्क मात्र अपुरेच ठेवले. जंगलाशेजारी राहणाऱ्यांना पूर्ण हक्क द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १:
करुरा हे राजधानीतील जंगल आहे. त्याला सुशिक्षित, सधन पाठीराखे मिळाले. खरी कसोटी माऊ जंगलात लागते. सुमारे चार लाख हेक्टरांच्या या पट्ट्यातून मारा नदी उगम पावते आणि नाकुरू सरोवराला पाणी मिळते. २००१ मध्ये सरकारने यातील साठ हजारांहून अधिक हेक्टर वनक्षेत्रातून वगळण्याचे ठरवले, तेव्हा भूमिहीनांचे नाव पुढे करून पुढाऱ्यांच्या मर्जीतल्या लोकांनीही जमिनी पदरात पाडून घेतल्या. आणखी एक गोष्ट आपण विसरता. सरकारी लागवडीतील रोपांच्या ओळींमध्ये शेतकऱ्यांना पीक घेऊ देणाऱ्या ‘शांबा’ पद्धतीला स्वतः मथाईंचाच विरोध होता. तेव्हा शेजारी राहतो तो राखणदारच असतो, हे गृहीत धरता येत नाही.

प्रतिसाद २:
शांबाविषयीचे म्हणणे मान्य आहे, परंतु आपण दोन वेगळ्या माणसांना एकाच मापाने मोजत आहात. माऊमधील ओगिएक लोक उंच झाडांवर ओंडक्यांची पोळी टांगून मध काढत आले आहेत. ज्याचा मध उभ्या झाडावर अवलंबून आहे, तो कुऱ्हाड कशाला उचलेल? तरीही २००९ मध्ये त्यांना तीस दिवसांत जंगल सोडण्याची नोटीस मिळाली. २६ मे २०१७ रोजी आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाने केनिया सरकारला दोषी ठरवले आणि जंगलरक्षणाच्या कारणाने ही हकालपट्टी समर्थनीय ठरत नाही, असे म्हटले. एवढे होऊनही नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांची घरे पुन्हा पाडली गेली. याला संवर्धन म्हणण्यास माझी तयारी नाही.

प्रतिसाद १:
ती घरे पाडणे चुकीचेच होते. मात्र आज अनेक ओगिएक कुटुंबे शेती करतात, गुरे पाळतात; त्यामुळे पूर्वजांच्या मधावरून आजच्या जमिनीचा निर्णय करता येणार नाही. नद्यांच्या उगमाकडचा भाग कोणाच्याही मालकीचा नसावा, या मतावर मी ठाम आहे.

धागाकर्ती:
उगमाकडचा भाग वेगळा राखण्यास माझी हरकत नाही, पण तो कोठून सुरू होतो हे ओगिएकांना सोबत घेऊनच ठरवावे लागेल. त्याच न्यायालयाने जून २०२२ मध्ये त्यांच्या जमिनीची आखणी करून सामूहिक हक्कपत्रे देण्यास सांगितले आणि दोन वर्षांची मुदत दिली. त्या मुदतीतच घरे पाडली गेली. सीमा आखण्याआधीच माणसे बाहेर काढणाऱ्या खात्यावर उगमाच्या राखणीसाठी विश्वास ठेवावा, असे आपण म्हणता. तो विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा?