पाचपैकी दोन विद्यापीठे अजून गप्प

प्रश्न (रत्नागिरी): मुलीने यूकासमार्फत (ब्रिटनमधील विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज हाताळणारी सामायिक संस्था) ब्रिटनमधील 5 विद्यापीठांकडे अर्ज केले असून तिघांचे सशर्त प्रस्ताव आले आहेत, दोघांचे उत्तर नाही. आमसुले वाळत घालतानाही तिचा डोळा मोबाइलवर असतो. आलेल्यांपैकी एक आताच स्वीकारावा का?

उत्तर (मालवण): ताई, सगळे निर्णय आल्याशिवाय किंवा उरलेले अर्ज मागे घेतल्याशिवाय उत्तर देता येत नाही. नंतर एक प्रस्ताव 'फर्म' (पहिली पसंती) आणि दुसरा, शक्यतो कमी गुणांची अट असलेला, 'इन्शुरन्स' (पहिला हुकला तर पर्याय) म्हणून राखता येतो. बाकीचे सोडावे लागतात. म्हणून घाईने अर्ज मागे घेऊ नका.

उत्तर (दापोली): स्पॅमही पाहा, आमच्या चिरंजिवांचे पत्र तिथे 9 दिवस पडून होते! बारावीची मूळ गुणपत्रिका ऑनलाइन निकालानंतर काही दिवसांनी मिळते, हे विद्यापीठाला आधीच कळवावे.

प्रश्नकर्ती: स्पॅम पाहिले, रिकामे आहे. आम्ही थांबतो.