वडिलांच्या पाठीत स्टिम्युलेटर बसवायचा सल्ला दिलाय, तुमच्या घरात कुणाला आहे का?

हळदीचं_शिवार:

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल.

अण्णा ५९ वर्षांचे. नांदेड जिल्ह्यात आमची शेती, हळद आणि सोयाबीन. २०१९ मध्ये कमरेतली गादी सरकली म्हणून ऑपरेशन झालं, २०२२ मध्ये त्याच जागी दुसरं. आता एमआरआयमध्ये नस मोकळी दिसते. पण उजव्या पोटरीच्या मागून थेट करंगळीपर्यंत आग होते, ती काही थांबत नाही. रात्री पांघरूण पायाला लागलेलं सहन होत नाही. नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या, प्रेगाबालिन आणि ड्युलोक्सेटिन, चालू आहेत. डोस वाढवला की दिवसभर गुंगी, कमी केला की रात्रभर अंगणात येरझाऱ्या. शुगर आहे, गोळ्यांवर आहे.

पुण्यातल्या पेन क्लिनिकच्या डॉक्टरांनी स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर सुचवलाय. मणक्यात वायरी आणि कमरेखाली कातडीच्या आत बॅटरी, त्यातून मज्जारज्जूला बारीक करंट देतात, म्हणजे दुखणं कमी जाणवतं. आधी आठवडाभर ट्रायल, फरक पडला तरच कायमचा. अण्णा म्हणतात, "अंगात करंट सोडून घ्यायचं वय आहे का माझं?" आईला वाटतं, आपल्यावर प्रयोग करतायत. डॉक्टरांनी नीट समजावलं, पत्रकही दिलं. पण मला ते अंगात घेऊन रोज जगणाऱ्या माणसाशी बोलायचंय. झोप लागते का? शेतात जाता येतं का? आणि गावाकडे लाइटचा भरवसा नाही, मग चार्जिंगचं काय करायचं?

गिरणीवाली_कराड:

बाळा, तुझं पांघरुणाचं वाक्य वाचलं आणि गिरणी बंद करून वर आले. मी खाटेच्या पायथ्याशी लाकडी पाट उभा करायचे आणि चादर त्याच्यावरून सोडायचे, म्हणजे ती पायाला शिवत नसे. तीन हिवाळे असे काढलेत. त्यामुळे अण्णांचं काय होत असेल ते मला कुणी सांगायला नको.

मी ५४ वर्षांची. कराडला आमची पिठाची गिरणी आहे. माझीही कमरेची दोन ऑपरेशनं झाली होती, डावा पाय. यंत्र बसवून चार वर्षं होऊन गेली.

आधी करंटचं सांगते, कारण माझीही भीती तीच होती. गिरणी चालू असताना वरच्या पाळ्याला तळहात टेकवला की कशी बारीक थरथर हातात येते, तसं मला पायात जाणवतं. झटका नाही, चटका नाही. ट्रायलच्या दिवशी पालथं झोपवतात, जागा बधिर करतात आणि सुईवाटे वायरी आत सरकवतात. माणूस जागा असतो. मला विचारत होते, "आता कुठं जाणवतंय?" पहिल्यांदा बरगडीत आलं, मग पोटात. मग त्यांनी वायर केसभर हलवली आणि थरथर मांडीतून खाली पावलापर्यंत उतरली, नेमकी जिथं आग होती तिथं. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या पायात आगीशिवाय दुसरं काहीतरी होतं. मी त्या टेबलावर रडले. वायरी पाठीत बऱ्याच वर असतात बरं का, बरगड्या जोडलेल्या असतात त्यांतल्या खालच्या मणक्यांपाशी. दुखतंय कमरेत नि पायात आणि टोचतायत वर, म्हणून घरचे घाबरतात. आईला आधीच सांगून ठेव.

दुखणं गेलं का म्हणशील, तर नाही गेलं. दहात आठ असायचं ते आता तीन-चारवर असतं, पावसाळ्यात पाचही होतं. पण रात्री पाच-सहा वेळा उठणारी मी आता एकदा उठते. गोळ्या निम्म्याच्या खाली आल्या आणि गुंगी गेली. गिऱ्हाइकाचा हिशोब चुकत नाही आता. मला याचंच मोल जास्त आहे.

म्हणून ट्रायलमध्ये नुसतं "दहापैकी किती?" एवढ्यावर राहू नका. मी वही केली होती. रात्री किती वेळा जाग आली, सलग किती वेळ उभी राहिले, गोळी कितीला घेतली, घरातून मंडईपर्यंत न थांबता गेले का. ट्रायलच्या आधीचे सात दिवस आणि ट्रायलचे सात दिवस, समोरासमोरच्या पानांवर. डॉक्टर साधारण निम्मं तरी दुखणं कमी व्हायला हवं म्हणतात, पण माझा निर्णय त्या वहीनं केला. अण्णांना त्या आठवड्यात खाटेवर झोपवून ठेवू नका. वाकायचं, वळायचं, उचलायचं नाही, पण चालायचं, बसायचं, चार माणसांत जायचं. पडून राहिलं तर काय कळणार?

आता माझ्या हातून झालं ते. कायमचं बसवल्यावर सहा ते आठ आठवडे वाकणं, पिळणं, वजन उचलणं बंद असतं, कारण वायरी आत धरायला वेळ लागतो. पाचव्या आठवड्यात एक म्हातारी आजी ज्वारीचा डबा घेऊन आल्या. पाच किलोचा असेल. त्यांच्या हातातून घेतला आणि वळून काट्यावर ठेवला, इतकंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पायातली थरथर गायब आणि बरगडीत धकधक. एक्स-रेत एक वायर खाली घसरलेली दिसली. माझं नशीब, की एकेका वायरीवर आठ-आठ ठिपके असतात, त्यातल्या कुठल्या ठिपक्यांतून करंट सोडायचा ते बाहेरून टॅबवर बदलता येतं. दोन तास बसून त्यांनी परत पायात आणली. नाही जमलं असतं तर पुन्हा ऑपरेशन होतं. शेतकरी माणसाला दोन महिने बांधावर नुसतं बसवणं अवघड आहे, पण त्याला इलाज नाही. हळद काढणीच्या दिवसांत हे करूच नका.

चार्जिंग: माझं रिचार्जवालं आहे. रोज रात्री मालिका बघताना चार्जरचा पट्टा कमरेला बांधते, चकती बरोबर बॅटरीवर आली की बारीक आवाज येतो, मग पाऊण तास हलायचं नाही. जागा थोडी कोमट लागते. तो चार्जर स्वतः आधी भिंतीवर चार्ज होतो आणि नंतर वायरीशिवाय चालतो, म्हणजे लाइट असेल तेव्हा त्याला भरून ठेवायचं. आमच्याकडे सोमवारी लाइट जाते, माझं आजवर अडलं नाही. बिनचार्जिंगचंही यंत्र मिळतं, पण त्याची बॅटरी लवकर संपते आणि ती बदलायला पुन्हा छोटं ऑपरेशन करावं लागतं. अण्णांना रोजचा पट्टा आठवणीनं जमेल का, ते बघून ठरवा.

आडवं झालं की थरथर जोरात येते, कारण मज्जारज्जू वायरींच्या जवळ सरकतो. झोपताना रिमोटवर दोन घरं खाली करायची. शिंक आली की एकदम उसळी येते. पहिले दोन महिने दचकायला होतं, मग सवय होते.

गिरणीच्या मोटरचं मी मुद्दाम विचारलं होतं. मोटरच्या अंगाला टेकून उभं राहायचं नाही, हातभर लांब राहायचं, एवढंच सांगितलं. ओळखपत्र मिळतं ते पाकिटात ठेवते. सिद्धिविनायकाला गेले तेव्हा मेटल डिटेक्टरच्या दारापाशी ते दाखवलं, त्यांनी बाजूनं घेतलं.

खर्च काही लाखांत आहे, ते तुला माहीत असेलच. आमच्या विमा कंपनीनं आधी तोंडी हो म्हटलं आणि नंतर "हे उपकरण पॉलिसीत बसत नाही" म्हणून हात वर केले. अर्धे पैसे मिळायला अकरा महिने लागले. पूर्वमंजुरी लेखी घे, यंत्राच्या नावासकट.

ठाणेकर६१:

माझी ट्रायल फसली, तेही लिहायला हवं.

सात दिवस वायरी होत्या. मुंग्या अगदी बरोबर तळपायात यायच्या, पण त्यांच्या खाली दुखणं होतं तसंच होतं. चौथ्या दिवशी प्रोग्रॅम बदलून बघितला, तरी तेच. मी मनानं इतका तयार होऊन गेलो होतो, की विचारल्यावर "थोडा फरक आहे" असं तोंडातून निघत होतं. बायकोनं शेजारी बसून सांगितलं, "डॉक्टर, हे काल रात्रीही बाथरूममध्ये पाय गार पाण्याखाली धरून बसले होते." सातव्या दिवशी ओपीडीतच वायरी ओढून काढल्या, दोन मिनिटं लागली. पुढचे पंधरा दिवस मी कुणाशी नीट बोललो नाही. आता नॉरट्रिप्टिलिनची गोळी आणि पोहणं, त्यावर चाललंय.

ताई, वडील आतून किती आशा धरून आहेत ते बघा आणि ट्रायलच्या दिवसांत त्यांच्याजवळ राहा. उत्तर नाही आलं तरी तोही उपयोगच आहे, तेवढं मोठं ऑपरेशन आणि खर्च टळतो.

फिजिओ_नाशिक:

आईंना प्रयोग वाटतोय म्हणून लिहिते. असं यंत्र माणसात पहिल्यांदा बसवलं ते १९६७ मध्ये, अमेरिकेत, नॉर्मन शीली या न्यूरोसर्जननं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९६५ मध्ये, मेलझॅक आणि वॉल यांनी 'गेट कंट्रोल' सिद्धांत मांडला होता. कोपर भिंतीला आपटलं की आपण ते लगेच चोळतो आणि कळ कमी होते. स्पर्शाच्या जाड नसा जाग्या झाल्या की दुखण्याचा निरोप मज्जारज्जूच्या दारातच अडतो, अशी ती कल्पना. आता सेकंदाला दहा हजार ठोके देणारी यंत्रंही आहेत, त्यात मुंग्या जाणवतच नाहीत. अण्णांना थरथर नको असेल तर त्याबद्दल जरूर विचारा.

गावाकडे एक धोका मला फार वाटतो. कंबर दुखली की माणूस जवळच्या फिजिओकडे जातो आणि तिथं शॉर्टवेव्ह डायथर्मीचा, म्हणजे मशीनच्या विद्युत लहरींचा, शेक देतात. यंत्र बसवलेल्या माणसाला तो कधीही, कुठल्याही भागावर चालत नाही. त्या लहरींनी वायरींची टोकं तापतात आणि मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते. यंत्र बंद केलं तरी चालत नाही. गरम पाण्याची पिशवी चालते, तीही थेट बॅटरीवर नको. पुढे कधी दुसरं कुठलं ऑपरेशन ठरलं तर सर्जनला आधी सांगा, कॉटरी (रक्त थांबवायला विजेनं डागायचं उपकरण) कुठली वापरायची ते त्यांना ठरवावं लागतं. एमआरआय करता येईल का, ते हे यंत्र घेण्याआधीच विचारून घ्या, कुठल्या मॉडेलला किती मुभा आहे ते वेगवेगळं असतं.

शुगर आधी आटोक्यात आणा. जखमेत जंतुसंसर्ग झाला तर अख्खं यंत्र काढावं लागू शकतं. ट्रॅक्टर: थरथरवाला प्रोग्रॅम असेल तर चालवताना बंद ठेवायला सांगतात, कारण खड्ड्यात धक्का बसला की एकदम जोर वाढतो आणि पाय ब्रेकवर असतो.

हळदीचं_शिवार:

काकू, तुमचं उत्तर अण्णांना फोनवर पूर्ण वाचून दाखवलं. पाळ्याच्या थरथरीशी ते थांबले, म्हणाले, "पुन्हा वाच." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "हळद शिजवून वाळवून होऊ दे, मग जाऊ." ठाणेकर काका, तुमचंही वाचलं, आईनं ते ऐकून घेतलं आणि मी सोबत राहणार असं स्वतःच ठरवलं. फिजिओ ताई, डायथर्मीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

एकच विचारायचं राहिलं. ट्रायलच्या आठवड्यात आंघोळीचं आणि कपड्यांचं काय?

गिरणीवाली_कराड:

आंघोळ नाही. वायरींची टोकं पाठीतून बाहेर असतात, ती पट्टीखाली कोरडी राहिली पाहिजेत. ओल्या टॉवेलनं अंग पुसायचं, केस बाजूला बसून दुसऱ्यानं धुवायचे. कपडे पुढून बटणांचे, डोक्यातून घालायचे नकोत, हात वर केले की पट्टी ओढली जाते. ट्रायलमध्ये यंत्राची डबी अंगाबाहेरच असते, ती कमरेच्या पट्ट्याला अडकवतात, त्यामुळे धोतर किंवा पायजम्याची नाडी त्याच्या खाली बांधायला सांग. आणि चपला पायात सरकवायच्या, वाकून बंद लावायचे नकोत. वही आजपासूनच सुरू कर, काढणीच्या दिवसांतली पानंही हवीत.