उरलेल्या बटाट्याच्या भाजीचे कटलेट तेलात फुटतात, काय चुकतंय?

जाईजुई :
परवा घरी सत्यनारायण होता. पंचवीस माणसांचा स्वयंपाक केला, पाऊस लागला आणि चौदाच जण आले. बटाट्याची पिवळी सुकी भाजी अर्धं पातेलं उरली, शिवाय कोबी-गाजर-फरसबीची भाजी. पंगत उठल्या उठल्या सगळं फ्रिजमध्ये ठेवलं. प्रसादाच्या दिवशीचं अन्न टाकायला हात धजत नाही, म्हणून काल दोन्ही भाज्या एकत्र मिक्सरमधून काढल्या, ब्रेडच्या दोन स्लाइस चुरून घातल्या आणि कटलेट तळायला घेतले. पहिले दोन तेलात विरघळलेच. तिसरं बाहेरून काळपट झालं आणि आत थंडगार. अजून तीन वाट्या सारण शिल्लक आहे. वाचवता येईल का?

पाटावरवंटा :
ब्रेड वाढवा, दोन चमचे कॉर्नफ्लॉवर घाला. होईल.

कॅन्टीनवाले काका :
ताई, ब्रेड वाढवून कटलेट उभं राहील, पण चव ब्रेडचीच येईल. मी ठाण्यात २२ वर्षं कॅन्टीन चालवलं, रोज दीडशे कटलेट निघायचे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे मिक्सर. पात्याने बटाटा इतका फाटतो की त्यातला स्टार्च मोकळा होऊन खळ तयार होते. बटाटा हाताने कुस्करावा, नाहीतर पुरणयंत्रातून काढावा. आम्ही कटलेटचे बटाटे आदल्या रात्रीच उकडून ठेवायचो. गार झाल्यावर स्टार्च आवळतो, चिकटपणा कमी होतो. त्या दृष्टीने तुमची शिळी भाजी ताज्यापेक्षा चांगलीच होती.

दुसरं पाणी, आणि खरं दुखणं तेच. शिजलेला कोबी मिठामुळे पाणी सोडत राहतो. त्या पाण्याची तेलात वाफ होते आणि वाफ कटलेट फोडते. पुढच्या वेळी बटाट्यात मिसळण्याआधी कोबीची भाजी फडक्यात बांधून पिळा, पाणी आमटीत जाऊ द्या. आता सारण एकजीव झालंय, तेव्हा ते जाड बुडाच्या कढईत तेल न घालता मंद आचेवर परता. गोळा कडा सोडायला लागला की ताटात पसरून पूर्ण गार करा.

मग अर्धी वाटी जाडे पोहे कोरडेच रवाळ दळून मिसळा आणि १५ मिनिटं थांबा. उरलेला ओलावा पोहे ओढून घेतात. बेसन घालू नका. आतलं सारण नुसतं गरम होतं तेवढ्यात बेसन शिजत नाही, मधे कच्चट लागतं.

कटलेट अर्ध्या इंचापेक्षा जाड नको, म्हणजे आत थंड राहणार नाही. मैदा-कॉर्नफ्लॉवर ताकाइतकं पातळ कालवून त्यात बुडवायचं, बारीक रव्यात घोळवायचं. सारणाचा कण टाकल्यावर लगेच वर आला की तेल तयार. एका वेळी तीनच सोडा. जास्त सोडले की तेल निवतं, कवच धरत नाही. आणि पहिला मिनिटभर झारा लावायचा नाही.

काळपटपणाबद्दल विचारतो : भाजीत साखर होती का? शिवाय पावसाळ्यात बाजारात शीतगृहातले बटाटे जास्त असतात. फार गारठ्यात बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तेलात तो झटकन काळा पडतो. नुकताच काढलेला बटाटा तसा पडत नाही, पण तो ओलसर असतो, त्याला पोहे थोडे जास्त लागतात.

माडाची सावली :
आम्ही मडगावचे. आमच्याकडे बटाटा चॉपमध्ये खिमा बटाट्यात कालवत नाहीत, बटाट्याच्या पारीत भरतात. उरलेली भाजीही तशीच भरून बघा. कोबीचं पाणी बटाट्यात पसरत नाही आणि फरसबी दाताखाली येते. वरून अंडं आणि रवा. तव्यावर चार चमचे तेलात छान होतात, कढईभर तेल लागत नाही.

जाईजुई :
काका, साखर होती, मोठा चमचाभर! आमच्याकडे पूजेच्या भाजीत घालतातच. आज सारण चांगलं वीस मिनिटं परतलं, पोहे घातले. चौदा कटलेट झाले, एकही फुटलं नाही. रंग थोडा गडद आला, पण रव्याचा कुरकुरीतपणा मुलीच्या डब्यात मधल्या सुट्टीपर्यंत टिकला. ताई, पुढच्या खेपेला पारी करून भरते. अंड्याऐवजी काकांचं मैद्याचं कालवण चालेल ना?

माडाची सावली :
चालेल की. फक्त पारीची कड नीट मिटवा, तिथूनच फुटतं.